आजारपणातली पांढरी

"माई, नुसत्या बसून काय राहिलात? निदान वास तरी घ्या," नाकाडे म्हणाले आणि त्यांनी स्वतःचं नाक पेल्यात असं खुपसलं की आता ते बाहेर येतं की नाही याचीच शंका यावी.

नाकाडे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते वाइनचे व्यापारी. नाक हेच त्यांचं भांडवल, आणि दिसायलाही चांगलं ऐसपैस. बागेच्या मालकांनी फार वर्षांपूर्वी थट्टेत ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. मालक जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण नाव राहिलं.

"तुमचं चालू द्या," मालकांच्या मागे राहिलेल्या माई म्हणाल्या. "मी आपली शोभेला."

तळघराच्या वरच्या खोलीत लांब टेबल मांडलं होतं. वाइनचा रंग नीट कळावा म्हणून त्यावर पांढरी चादर, चादरीवर सालवार लावलेल्या बाटल्या, तोंड साफ करायला पाणी आणि कोरडा पाव. एका बाजूला नाकाडे बसले होते, समोर माईंचा मुलगा आणि सूनबाई. माई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. रीत म्हणून सूनबाईने त्यांच्यापुढेही पेला ठेवला होता आणि माईंनी तो रीतीप्रमाणे पालथा घातला होता.

बाटल्या सगळ्या पांढऱ्या वाइनच्या, आणि सगळ्या वरच्या तुकड्यातल्या. घरामागे टेकडीचा उतार चढत जातो, त्यावर पांढऱ्या द्राक्षांची जुनी बाग होती. तिला सगळे वरचा तुकडा म्हणत. होती म्हणायचं, कारण गेल्या हिवाळ्यात मुलाने ती उपटून तिथे तांबड्या द्राक्षांची रोपं लावली. पांढरीला पूर्वीसारखं गिऱ्हाईक राहिलं नव्हतं; पायथ्याशी, घराला लागून असलेल्या खालच्या ओळी तेवढ्या पांढरीच्या राहिल्या. तेव्हा तळघरात वरच्या तुकड्यातल्या ज्या काही बाटल्या होत्या त्या शेवटच्याच. त्या एकदा सालवार उघडाव्यात, कुठली अजून तग धरून आहे ते बघावं आणि नाकाड्यांना हव्या त्या देऊन टाकाव्यात, असं चिरंजिवांनी ठरवलं होतं.

एक काळ असा होता की माईंनी हो म्हटल्याशिवाय वरच्या तुकड्यातला एक मणी वेलीवरून उतरत नसे. काढणीचे दिवस आले की त्या रोज सकाळी उतार चढून जात, मणी तोंडात टाकत, आधी साल चावत, मग गर, आणि शेवटी बी दाताखाली फोडत. कच्ची बी हिरवट कडू लागते, पिकलेली बी भाजल्यासारखी कुडकुडीत लागते. "अजून नाही," माई म्हणत आणि घरी येऊन भांडी घासायला बसत. मालकांचा जीव खालीवर व्हायचा. आभाळ भरून आलेलं, मजूर हातावर हात ठेवून बसलेले, शेजारच्यांची काढणी उरकलेली. "अगं, पाऊस पडला तर सगळं कुजेल!" "कुजू दे. कच्चं काढायचं नाही म्हणजे नाही." मग एके दिवशी उतारावरूनच हाक यायची, "झालीत हो! उद्या काढा!" आणि ते कधी चुकलं नाही. आसपासचे बागवाले पाठीमागे त्यांना तराजूबाई म्हणत, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आणि मग ते आजारपणाचं साल आलं. ऐन काढणीच्या तोंडावर माईंना न्यूमोनियाने आडवं केलं. डॉक्टरांनी तंबी दिली, अंथरुणातून पाऊल खाली टाकायचं नाही. म्हणून घडच माईंच्या उशाशी आले. त्यांनी मणी चावला, बी फोडली, म्हणाल्या, झालीत. दुसऱ्या दिवशी वरचा तुकडा उतरला. पुढे वसंतात वाइन चाखायला घेतली तर काय, सगळ्यांचे दात आंबले. नुसती आंबट, पातळ, मागे ना चव ना चोथा. नाकाड्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि बिचारे कितीतरी वेळ मिटूनच बसले. "माई, यंदा राहू द्या," शेवटी एवढंच म्हणाले.

कुणी माईंना बोल लावला नाही. तेच त्यांना जास्त लागलं. तापाने जीभ गेली असं सगळ्यांनी मानलं, आणि सगळ्यांच्या आधी माईंनी मानलं. मालक म्हणाले, "जाऊ दे गं. पुष्कळ केलंस. आता आराम कर." त्या दिवशी माईंनी पेला पालथा घातला. पुढची वर्षं मालकांनी यंत्रावर द्राक्षांतली साखर मोजून काढणीचा दिवस ठरवला. मग मालक गेले, मुलाच्या हाती बाग आली, आणि चाखायचं काम आलं सूनबाईकडे. ती ते रीतसर शिकून आली होती. कष्टाळू पोरगी, पण तिला शेजारी उभं राहून सांगणारं कुणी नव्हतं. ती विचारायची, "माई, जरा बघता का?" माई म्हणायच्या, "मला नको विचारू बाई. फुटक्या तराजूने कुणी माप घेतं का?"

गेल्या हिवाळ्यातही तेच. मुलगा येऊन समोर बसला. "आई, वरचा तुकडा काढू का? तू नको म्हणालीस तर मी हात लावणार नाही." नको म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. पण ज्या बाईची जीभ गेली तिने कुठल्या तोंडाने सांगावं, की ही द्राक्षं ठेव म्हणून? "मला काय कळतंय त्यातलं आता," त्या म्हणाल्या. "तुला बरं वाटेल ते कर." ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांनी मागची खिडकी लावून घेतली.

टेबलावर आता रंग भरला होता. नाकाडे घोट घेत, तोंडात खळखळवत, बादलीत थुंकत आणि शेरा मारत.

"ही बघा. म्हातारी झालीय, पण कणा ताठ आहे."

"कुणाबद्दल बोलताय?" माईंनी खिडकीपाशी बसूनच विचारलं.

"छे हो! बाटलीबद्दल!" नाकाडे गडबडले आणि सगळे हसले.

जुन्या बाटल्या दमल्या होत्या, पण खानदानी होत्या. नव्या, म्हणजे यंत्रावरच्या आणि मग सूनबाईच्या हातच्या, त्यांच्यावर नाकाडे फार बोलले नाहीत. "स्वच्छ आहे," म्हणाले. पुढचीवरही म्हणाले, "हीसुद्धा स्वच्छ आहे." सूनबाईने मान खाली घालून पावाचा तुकडा कुस्करला. स्वच्छ आहे, याचा अर्थ न कळण्याइतकी ती कच्ची नव्हती.

"ती टोकाची कुठली? तिला वेगळी का ठेवलीय?"

"ती सोडा," चिरंजीव म्हणाले. "ती आजारपणातली. आठवतंय ना? दात आंबले होते तुमचे. हिने मोजणीसाठी वर आणलीय, त्या सालच्या बाटल्यांनीच तळघराचा एक कोपरा अडवलाय."

"उघडा हो. आंबट माणसं म्हातारपणी निवळतात कधीकधी. आमचे सासरे बघा."

माईंना वाटलं, कशाला? झाकली मूठ होती ती. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

बूच निघाल्याचा आवाज झाला. ओतल्याचा झाला. थुंकल्याचा मात्र झाला नाही. माईंनी वळून पाहिलं, तर नाकाड्यांनी घोट गिळला होता आणि ते पेल्याकडे टक लावून बघत होते.

"काय झालं? व्हिनेगर झालं ना?" मुलाने विचारलं.

"अहो, गप्प बसा जरा." नाकाड्यांनी दुसरा घोट घेतला. "अरे बाप रे. अहो, ही जिवंत आहे! बाकीच्या सगळ्या खुर्च्या धरून बसल्यात आणि ही पोर उभी आहे टणटणीत. सूनबाई, तुम्ही घ्या. लिंबाची साल येते का? आणि मागून... थांबा, घाई करू नका. मागून मध."

सूनबाईने घोट घेतला. तिचे डोळे मोठे झाले. "येतोय," ती हळूच म्हणाली. "अजून येतोच आहे."

"माई!" नाकाडे उठूनच उभे राहिले. "माई, पाया पडतो तुमच्या. तुम्ही मुद्दाम लवकर काढलीत! त्या आंबटपणावरच ही इतकी वर्षं टिकली. आणि मी गाढव, राहू द्या म्हणालो! ही सगळी मला द्या, काय म्हणाल ते द्यायला तयार आहे."

"उगाच मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका," माई म्हणाल्या. "मुद्दाम बिद्दाम काही नाही. चुकले होते मी. जीभ गेली होती माझी. चुकून बरं झालं असेल तर ते त्या बाटलीचं नशीब."

"पण अंथरुणातून तुम्ही..."

"त्याचा एक किस्साच आहे," मुलगा म्हणाला. आई अवघडलीय हे त्याला दिसत होतं आणि त्याला तिला हसवायचं होतं. "घड आणून द्यायचं काम माझं होतं. बाबा म्हणाले, वर जा, सगळ्या ओळींतून थोडे थोडे घड आण. आणि मला तर हिला भेटायला जायचं होतं!" त्याने बायकोकडे बोट केलं. "तेव्हा आमचं नवीन नवीन. बस चुकली असती तर ही बया आठवडाभर बोलली नसती. मग काय! वर चढलोच नाही. घरामागच्या खालच्या ओळीतले चार घड तोडले, आईच्या उशाशी ठेवले आणि धूम! तेव्हा मला काय, द्राक्ष ते द्राक्ष, पांढरं ते पांढरं."

नाकाडे खो खो हसले. "म्हणजे तुमच्या प्रेमापायी..."

सूनबाईही हसत होती. मग तिचं हसू थांबलं.

"कुठल्या ओळीतले?" तिने विचारलं.

"खालच्या गं. नळाजवळच्या."

"खालच्या ओळी वरच्यापेक्षा आठ-दहा दिवस आधी पिकतात."

"मग?"

"मग काय मग?" सूनबाईचा आवाज चढला. "माईंनी चाखली ती पिकलेलीच होती. त्या झालीत म्हणाल्या, ती झालेलीच होती. माई चुकल्या नव्हत्या. तुम्ही सगळ्यांनी मिळून भलतीच बाग काढलीत!"

नाकाड्यांनी हातातला पेला हळूच खाली ठेवला. मुलगा बायकोकडे बघत होता, मग आईकडे बघायला लागला, आणि बघता बघता त्याचा चेहरा लहानपणी काही फुटल्यावर व्हायचा तसा झाला.

"पण मी बाबांना सांगितलं होतं," तो म्हणाला. "खरंच सांगितलं होतं, आई. काढणीच्या संध्याकाळी. ते म्हणाले, असू दे, आता आईला बोलू नकोस, तिला त्रास होईल. मला वाटलं, तू रागावशील म्हणून. मग मी विसरूनच गेलो गं."

"संध्याकाळी सांगितलंस?"

"हो."

"म्हणजे वसंतात चाखलं तेव्हा ह्यांना माहीत होतं," माई म्हणाल्या. "माझ्या शेजारीच उभे होते हे."

"आई, मी..."

"तुझं काही चुकलं नाही रे. तरण्याताठ्या पोराला मुलगी दिसते, ओळी कुठल्या दिसायला." त्या खुर्चीचे हात धरून उठल्या. "नाकाडे, बसा तुम्ही. पाव खा. मी जरा पडते."

पडल्या मात्र नाहीत. खोलीचं दार लावून पलंगाच्या कडेला बसल्या, आणि मग त्यांचा जो संताप उसळला, की शाल ओढून काढून त्यांनी भिंतीवर भिरकावली.

"अहो, एक वाक्य!" त्या मालकांना म्हणाल्या. पलंगाची मालकांची बाजू रिकामी होती. "तुझी जीभ शाबूत आहे, एवढंच म्हणायचं होतं. तुमचं काय जात होतं?"

मेलेल्या माणसाशी भांडायची सोय नाही, हीच मोठी पंचाईत. जिवंत असते तर खाली मान घालून बसले असते, कान खाजवला असता आणि म्हणाले असते, "अगं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, हिला पुन्हा उतार चढू देऊ नका म्हणून." सांगितलं होतंच डॉक्टरांनी. आणि जीभ शाबूत आहे असं कळलं असतं तर माई दुसऱ्याच दिवशी काठी टेकत वर निघाल्या असत्या, हे मालकांनाही माहीत होतं आणि माईंनाही. म्हणून गप्प राहिले का? की चूक कबूल करायची लाज वाटली? की कधीतरी सांगू म्हणता म्हणता राहूनच गेलं? "पुष्कळ केलंस, आता आराम कर." हे वाक्य माईंनी इतकी वर्षं जिवापाड जपलं होतं. नवऱ्याने आपल्याला पोटात घातलं, चारचौघांत पडू दिलं नाही, असं वाटायचं. आता त्या वाक्याचं काय करायचं हेच त्यांना कळेना.

त्या रडल्या. नवऱ्यावर चिडून रडल्या, पण त्याहून जास्त त्या उपटलेल्या वेलींसाठी रडल्या. मुलगा समोर येऊन बसला होता, विचारत होता. एक नको म्हणायचं होतं. वरच्या तुकड्याची मुळं त्यांच्यापेक्षा वयाने मोठी होती. नव्याने लावली तरी त्यांना चांगला घड धरेपर्यंत माई कुठे असणार होत्या?

खालून मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. नाकाडे निरोप न घेता गेले, हे पहिल्यांदाच झालं.

दुपार उतरली तशा माई शांत झाल्या. आणि मग, त्यांची त्यांनाच शरम वाटावी, असा एक आनंद हळूहळू वर यायला लागला. जीभ गेली नव्हती! आपण म्हटलं ते बरोबर होतं. ताप डोक्यात चढलेला, डोळे उघडत नव्हते, तरी बी दाताखाली फोडून आपण बिनचूक सांगितलं होतं. त्यांनी उठून तोंड धुतलं, केस बांधले. वरचा तुकडा गेला तो गेला. खालच्या ओळी तर आहेत. त्यांची पांढरी होतेच दरवर्षी, आणि ती पोरगी एकटी चाचपडते आहे. तिला साल आधी चावायला कुणी शिकवलं असेल का? शाळेत कुठले शिकवतायत!

दार वाजलं. सूनबाई होती. तिचेही डोळे सुजले होते.

"माई, खाली येता का? नवीन पांढरी टाकीत आहे. बाटल्यांत भरायची की अजून थांबायचं, ते माझं चार दिवस ठरत नाहीये. तुम्ही सांगाल तसं करते."

"पेला साध्या पाण्याने धुतलास ना? साबण नको," माई म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं. असा खणखणीत तो बऱ्याच दिवसांत निघाला नव्हता.

तळघरात गारवा होता. सूनबाईने टाकीच्या तोटीखाली पेला धरला, थोडी पांढरी घेतली आणि पेला माईंच्या हातात देऊन बाजूला झाली. माईंनी तो दिव्याकडे धरला. रंग चांगला होता, फिकट, किंचित हिरवा. त्यांनी पेला गोल फिरवला. मनगटाला सगळं आठवत होतं. नाकाजवळ नेऊन वास घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला.

मग घोट.

पूर्वी घोट तोंडात गेला की चवी एकेक करून पुढे यायच्या, घरी पाहुणे आल्यावर मुलं येतात तशा. आधी धीट असतील त्या, मग दाराआड लपलेल्या, आणि सगळ्यांत शेवटी हाताला धरून आणावी लागणारी एखादी. माईंनी घोट जिभेवर घोळवला, गालात घेतला, वाट बघितली. गार लागलं. आंबट लागलं. थोडं गोडही असावं. त्यांनी डोळे मिटले, आणखी एक घोट घेतला आणि पुन्हा वाट बघितली. पुढे कुणी आलं नाही. इतकी वर्षं त्यांनी जिभेला जेवणाखेरीज काही काम दिलं नव्हतं. आजारपणात ती गेली नव्हती. ती नंतर गेली होती, कधीतरी, कुणाच्या नकळत, आणि आता खरंच गेली होती.

सूनबाई तोटीवर हात ठेवून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की माईंना तिच्याकडे बघवेना.

"काय माई? कशी आहे?"

"छान आहे," माई म्हणाल्या.

पाहुणे म्हणतात तसं.

सूनबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. माईंच्या हातातला पेला घेतला, उरलेली वाइन स्वतः तोंडात घेतली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग थुंकली, पदराने ओठ टिपले.

"आठवडाभर थांबू या," ती म्हणाली. "चालेल ना?"

"चालेल," माई म्हणाल्या. "तू म्हणतेस तर थांबू या."

त्या कठडा धरून जिना चढू लागल्या. सूनबाईने दिवा मालवला आणि ती त्यांच्या मागून, दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून, हळूहळू चढत राहिली.